लाल एस

१

वेंडेल ब्रॅटन आपल्या बायकोच्या हातून मेला, ही बातमी मला कॅफेत कळली आणि मी हातातली कॉफी सरळ स्वतःच्या मांडीवर ओतून घेतली. भाजलं ते दहा मिनिटांनी समजलं. इतकी मी सुन्न झाले होते.

वेंडेल म्हणजे आमच्या कूपर्स बेंड गावचं जुनं खोड. एकसष्ट वर्षांचा, त्यातली पन्नास रायफल खांद्याला लावून काढलेली. माझा भाऊ अर्लिस याचा शाळेपासूनचा मित्र. अर्लिसच्या लग्नात खिशात अंगठी सांभाळत उभा होता तो हाच. आणि बायको, रेनाटा, म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी शिकागोहून आलेली पियानोची मास्तरीण. गावाने तिला नीट पाहूनही घेतलं नव्हतं, तेवढ्यात हे.

घडलं ते असं. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दोघं त्यांच्याच कुरणात फिरायला गेली. काटेरी तारेचं कुंपण आलं. वेंडेल आधी पलीकडे गेला. रायफल रेनाटाच्या हातात होती. गोळी भरलेली बंदूक कुंपणापलीकडे द्यायची नाही, आधी मोकळी करायची, हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण वेंडेलला घाई. "आण इकडे," म्हणत त्याने नळी धरूनच ओढली. दस्ता लाकडी खांबावर आपटला आणि बार उडाला.

"मी बघितलं होतं," रेनाटा तेव्हापासून एकच वाक्य बोलत होती. "पांढरा दिसत होता. पांढरा म्हणजे सुरक्षित. मी बघितलं होतं."

त्या रायफलवर सेफ्टीच्या दांडीशी दोन अक्षरं कोरलेली आहेत. एस म्हणजे सेफ, एफ म्हणजे फायर. दांडी एक अक्षर झाकते, दुसरं उघडं राहतं. जे दिसतं, ती बंदुकीची अवस्था. दोन आठवड्यांपूर्वी वेंडेलच्या वाढदिवसाला रेनाटाने हौसेने ती अक्षरं रंगवून दिली होती.

शेरीफच्या कचेरीत रायफल पाहिली, तेव्हा एस लाल होता आणि एफ पांढरा.

म्हणजे पांढरा दिसत होता तेव्हा बंदूक गोळी झाडायला तयार होती. बाईने उलटे रंग भरले आणि त्यापायी नवरा मारला. अख्ख्या गावाने डोक्याला हात लावला.

२

आता मी कोण, ते सांगते. मी नोला केटरिंग. वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान अर्लिस आणि मी चालवतो. चाप, नळी, दस्ता हे त्याच्याकडे. गल्ला, गिऱ्हाइकांची कटकट आणि कोरीव अक्षरांत रंग भरणं हे माझ्याकडे. बावीस वर्षं करतेय. रायफलवरची नावं, गोळ्यांच्या मॅगझिनवरचे आकडे, आजोबांच्या पिस्तुलावरचं साल. आधी तेलाचा कण न् कण काढायचा, मग रंगाची कांडी खाचेत घासायची, मग वरचा रंग पुसायचा. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसा म्हणजे कळेल.

डेप्युटी मार्व्ह स्टेनरड मंगळवारी सकाळी दुकानात आला. दफन होऊन सहा दिवस झाले होते. मार्व्ह हळू बोलतो, हळू चालतो आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत राहतो. लोक त्याला मठ्ठ समजतात. मीही समजायची.

"अर्लिस नाही?"

"बिलिंग्सला गेलाय, सामान आणायला. उद्या येईल. का रे?"

"तूच हवी होतीस." त्याने काउंटरवर रायफल ठेवली आणि शेजारी एका वेगळ्या पिशवीतून तिचं मॅगझिन काढून ठेवलं. "तुझ्या भावाने आठवडाभर तपासून कागद दिलाय, यंत्रात काही दोष नाही म्हणून. त्याचं झालं. मला रंगाबद्दल विचारायचंय."

"त्यात विचारायचं काय? उलटे भरलेत. आंधळ्यालाही दिसेल."

"ती म्हणते सुलटे भरले. वेंडेलनेच शिकवलं होतं, लाल म्हणजे मरण."

"मग गोळी सुटली तेव्हा दांडी कुठे होती ते बघा की."

मार्व्हने बियांची टरफलं थुंकली. माझ्या कचऱ्याच्या डब्यात, नशीब. "ड्वेन आधी पोचला ना तिथे. बापाला बघून वेडापिसा झाला, पण पहिलं काम काय केलं? बंदूक मोकळी केली. बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडायची तर सेफ्टीची दांडी पुढे सारावी लागते. सारली की नाही, त्याला आठवत नाही."

ड्वेन म्हणजे वेंडेलचा पहिल्या बायकोपासूनचा मुलगा. त्याला दोष तरी कसा देणार? बंदूक हाती आली की आमचे हात आपोआप ते करतात. मीही तेच केलं असतं आणि पुरावा घालवला असता.

मी भिंग लावलं. रायफलवरचा लाल पाहिला, मग मॅगझिनच्या तळाकडे वळले. तिथे वेंडेलची आद्याक्षरं, डब्ल्यू आणि बी, कोरलेली, तीही लालच. रेनाटाने एकाच बैठकीत भरलेलं.

मी भिंग खाली ठेवलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"मार्व्ह, हे मॅगझिन कुठे होतं इतके दिवस?"

"माझ्या टेबलाच्या खणात. ड्वेनकडून बंदूक घेतली तेव्हाच काढून घेतलं होतं. अर्लिसला नुसती रायफल दिली, तेव्हा रंगांकडे कुणाचं लक्षही नव्हतं. का?"

"कारण हे दोन लाल एका बाटलीतले नाहीत," मी म्हटलं.

३

मॅगझिनवर नेलपॉलिश होतं. चेरीचा लाल, खाचेबाहेर ओघळलेला, वाळून मध्ये खचलेला, वर ब्रशचा एक केसही चिकटलेला. पहिल्यांदाच हात लावणाऱ्या बाईचं काम. वेंडेलने वाढदिवसानंतर कॅफेत सगळ्यांना रायफल दाखवली होती ती हसत हसतच. वासराला लिपस्टिक लावल्यासारखं दिसतंय म्हणाला होता, आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता. कुठलं अक्षर कुठल्या रंगाचं, ते मात्र कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं.

आणि रायफलवरचा रंग? काठोकाठ, सपाट, एक कण बाहेर नाही.

मार्व्ह आणि मी रेनाटाकडे गेलो. तिने दार उघडलं आणि मला धक्काच बसला. दहा दिवसांत बाई निम्मी झाली होती. स्वयंपाकघरात लोकांनी आणून दिलेल्या मॅकरोनीच्या थाळ्या झाकलेल्याच पडल्या होत्या.

"काय काय रंग वापरलेस?" मी विचारलं.

"लाल नेलपॉलिश. आणि पांढरा म्हणजे ते कागदावर खोडायला लावतात ना, ते. स्वरलिपी दुरुस्त करायला ठेवते मी."

"दुसरी लाल बाटली?"

"एकच आहे माझ्याकडे."

मार्व्हने माझ्याकडे पाहिलं. रायफलवरचा पांढरा गुळगुळीत होता. खोडायचा पांढरा खडूसारखा भुसभुशीत असतो, त्याचे पोपडे निघतात.

"एसमध्ये कुठला भरलास, रेनाटा?"

"पांढरा." मग ती थांबली. हातातला रुमाल पिळत राहिली. "असं वाटतं मला. आधी खात्री होती. पण अर्लिस म्हणतो, एवढा धक्का बसला की माणसाची आठवण दगा देते. तो रोज येतो बिचारा. हात धरून बसतो. म्हणाला, रंगांची गल्लत कुणाचीही होईल, तू स्वतःला माफ कर. गुरुवारी दहाला मी सही करणार आहे, मार्व्ह. माझी चूक होती म्हणून लिहून देणार. मला आता हे डोक्यात नको."

मला माझ्या भावाचा अभिमान वाटला. खरं सांगते, त्या क्षणी ऊर भरून आला. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, पण मित्राच्या बायकोसाठी रोज जातो.

बाहेर आल्यावर मार्व्ह म्हणाला, "दोन लाल वेगळे आहेत एवढ्यावर सरकारी वकील मला हाकलून देईल. बाटली संपली, दुसरी आणली, फेकून दिली, काहीही म्हणतील. कुणी बदललं ते हवं. ती दोषी ठरली तर कुरण कुणाला जातं?"

"ड्वेनला," मी म्हटलं. आणि लगेच आठवलं की सप्टेंबरात मी स्वतः ड्वेनला रंगाच्या कांड्या विकल्या होत्या. एक लाल, एक पांढरी.

४

ड्वेन गोठ्यात होता. सावत्र आईचं नाव काढताच त्याचं तोंड कडू झालं.

"मला ती आवडत नाही. लपवलंय कधी? पण नोलाबाई, रंग मी बदलले म्हणता? कशाला? बापाला मारायला? की मेल्यावर?"

"तूच दोन तास बंदूक तुझ्या गाडीत ठेवली होतीस," मार्व्ह म्हणाला.

"पुढच्या सीटवर बाप होता माझा." ड्वेनचा आवाज फाटला. "त्याचं डोकं मांडीवर घेऊन एका हाताने गाडी चालवत होतो मी. रंगरंगोटी करत होतो म्हणतोस?"

मार्व्हने टोपी काढली. मी म्हटलं, "कांड्या कशाला घेतल्या होत्यास ते दाखव बरं."

त्याने आतून आठ मॅगझिनं आणून फळीवर आदळली. नेमबाजीच्या स्पर्धेची, एक ते आठ आकडे कोरलेली, विषम लाल, सम पांढरी. मी एकेक उचलून उजेडाकडे धरलं.

लाल तोच होता. माझ्या दुकानातल्या कांडीचा, रायफलवर होता तोच. मार्व्ह माझ्या खांद्यावरून पाहत होता. "हाच ना?"

"थांब."

रंग तोच, पण हात तो नव्हता. ड्वेनने सगळ्यांसारखं केलं होतं. कांडी घासायची, मग फडक्याने पुसायचं. फडकं मऊ. ते खाचेत शिरतं आणि आतला रंगही थोडा ओढून नेतं. त्यामुळे अक्षर मधे खोलगट दिसतं. आठही आकडे खोलगट होते.

रायफलवरचा एस काठोकाठ भरलेला होता. तसा तो राहतो तो एकाच रीतीने. वाणसामानाच्या जाड खाकी पिशवीचा कागद घ्यायचा, बोटभर पट्टी कापायची, फूटपट्टीच्या कडेवर ताणून धरायची आणि अक्षराच्या आडवी, एकदाच ओढायची. कागद ताठ असल्यामुळे खाचेवरून जातो, आत शिरत नाही. बाजारातल्या कुठल्याही डबीवर हे लिहिलेलं नाही. आमच्या वडिलांनी काढलेली ही युक्ती आहे. आम्ही कुणाला शिकवत नाही. दुकान त्यावर चालतं.

वडील अकरा वर्षांपूर्वी गेले. मी त्या रायफलला हात लावला नव्हता.

मी ड्वेनच्या गवताच्या गठ्ठ्यावर बसले.

"काय झालं?" मार्व्हने विचारलं.

"काही नाही. सांगता येत नाही नक्की," मी म्हणाले. बावीस वर्षांत कामाबद्दल मी पहिल्यांदाच खोटं बोलले. "ड्वेनचं नाहीये हे, एवढं नक्की. बाकी नाही सांगता येत."

मार्व्हने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग गुरुवारी दहाला ती सही करणार," तो म्हणाला आणि टोपी घालून गाडीकडे गेला.

५

बुधवारी दुपारी अर्लिस आला. मी दुकानाच्या दाराला कडी घातली तेव्हाच त्याने ओळखलं असावं. त्याने हातातली खोकी खाली ठेवली, पण अंगातला कोट काढला नाही.

"मार्व्ह रायफल घेऊन आला होता," मी म्हटलं. "मॅगझिनसकट."

तो काउंटरकडे बघायला लागला.

"अर्लिस, एस तू भरलास."

मला वाटलं तो झिडकारेल. वेड लागलंय का तुला, म्हणेल. मी मनातून तेच मागत होते. तो म्हणाला, "कशावरून?"

"कागदाने पुसलायस."

तो स्टुलावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे पाहायला लागला.

"ऑगस्टात वेंडेल चाप हलका करून मागत होता. मी नको म्हणत होतो. तो ऐकतोय कसला. म्हणाला, माझी बोटं आखडलीत, कर की गड्या. केला मी. फार हलका झाला. त्या दिवशी मार्व्हने बंदूक तपासायला आणून दिली. मी सेफ्टी लावली, रबरी हातोड्याने दस्त्यावर एक ठोका दिला. सुटला चाप. सेफ्टी लावलेली असताना, नोला. पुन्हा केलं. पुन्हा सुटला."

"म्हणजे तिने बघितलं ते खरं होतं."

"हो."

"पांढरा एसच दिसत होता."

"हो म्हटलं ना."

मी भिंतीला टेकले. गावात कुणालाही मी या माणसाची हमी दिली असती. बावीस वर्षं एका छताखाली काम केलंय.

"मग तू चाप परत पहिल्यासारखा केलास. दोष नाही म्हणून कागद लिहिलास. आणि बाईचे रंग पुसून उलटे भरलेस."

"मी विचार केला नाही. हात करत गेले. ती नवखी आहे, शहरातली आहे, लाल म्हणजे थांबा समजली असेल, लोकांना पटेल, एवढंच डोक्यात होतं. दुकान जाईल, मी तुरुंगात जाईन. तिला काय होणार? फार तर दोन वर्षं कोर्टाची देखरेख. जेलही नाही."

"आणि तिच्यासारखं वाटायला हवं म्हणून निदान घाण तरी करायचंस. ओघळू द्यायचंस. तेवढीही अक्कल नव्हती?"

अर्लिसने पहिल्यांदा वर पाहिलं. "केलं होतं. तीनदा केलं. बाहेर रंग फासला, खाचा खचू दिल्या. तसं ठेवून झोपायला जायचो आणि परत येऊन पुसायचो. मला ते तसं सोडवेना, नोला."

मित्र मातीत घातला, त्याच्या बायकोवर बोट रोखलं, आणि याला अक्षराची कड वाकडी सोडवेना.

"तू तिच्याकडे रोज जात होतास," मी म्हटलं. "तिचा हात धरून म्हणत होतास, स्वतःला माफ कर."

"ते मनापासून म्हणत होतो."

मी त्याच्या मुस्कटात मारली. साठीला आलेल्या बाईने अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला. तो हललाही नाही. मग मी मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले. फोन समोर होता. मार्व्हचा नंबर पाठ होता. मी फोन केला नाही. तो माझा भाऊ आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

६

गुरुवारी नऊ वाजता मी मार्व्हच्या कचेरीत गेले आणि सगळं सांगितलं. कागदाची युक्ती दाखवली. त्याच्या टेबलावरच एका पितळी पट्टीवरच्या अक्षरांत रंग भरला, अर्धा फडक्याने पुसला, अर्धा कागदाने. मार्व्हने भिंगातून पट्टी पाहिली, मग रायफल पाहिली. चाप काढून पाहिला तर स्क्रूंवर नव्याने पिळल्याचे ओरखडे होते. अजून चकाकत होते.

"मंगळवारीच तुझा चेहरा बघितला होता मी," तो म्हणाला. "वाट बघत होतो. तू आली नसतीस तर मीच येणार होतो, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं."

तो अर्लिसला आणायला निघाला. अर्लिस कुठे पळून गेला नव्हता. दुकानातच कोट घालून बसला होता, असं मला नंतर कळलं. मी मार्व्हला म्हटलं, रेनाटाला मी सांगते. मला वाटलं, चांगली बातमी आहे, निदान ती तरी माझ्या तोंडून जाऊ दे.

ती सही करायला निघण्याच्या तयारीत होती. काळा कोट, हातमोजे, हातात पर्स. मी दारातच सगळं सांगून टाकलं. ऑगस्टातला चाप, हातोडा, पुसलेले रंग. कुठेही थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

"पांढराच होता," मी शेवटी म्हटलं. "तू बरोबर बघितलंस. तू मारलं नाहीस त्याला."

ती रडेल, मला मिठी मारेल, असं मला वाटलं होतं. तिने सावकाश हातमोजे काढले आणि खुर्चीवर बसली.

"अर्लिस," ती म्हणाली. "इथे, याच खुर्चीत बसायचा." मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं.

"मंगळवारी दुपारी."

तिने बोटांवर मोजलं. लहान मुलीसारखं, अंगठ्याने एकेक बोट दाबत.

"काल मी वेंडेलचे कपडे आवरले," ती म्हणाली. "चर्चच्या पेटीत टाकायला. सोळा शर्ट होते. प्रत्येक शर्टाची घडी घालताना मी त्याची माफी मागितली, नोला. सोळा वेळा. काल दुपारी. तेव्हा तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

तिने उठून माझ्यासाठी दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत ते धरून उभी राहिली.